उमेदवारीची वर्षे

'उमेदवारी' हा शब्द आता निवडणुकीपुरताच उरला आहे. उमेदवारी मिळणे, उमेदवारी मागे घेणे, अनामत जप्त होणे, एवढाच त्याचा संसार. माझ्या आजोबांच्या बोलण्यात मात्र तो निराळ्या अर्थाने यायचा. 'दोन वर्षे कचेरीत उमेदवारी केली, तेव्हा कुठे कारकुनी मिळाली,' असे ते सांगत. म्हणजे दोन वर्षे बिनपगारी. दौती भरायच्या, दप्तरे बांधायची, कोणाचा तरी मसुदा सुवाच्य अक्षरात उतरवून द्यायचा आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहायची. वकिलाकडे, वैद्याकडे, सोनाराच्या पेढीवर, नाटक कंपनीत, सगळीकडे असे उमेदवार असत. शब्दातली उमेद फारसीतून आलेली. आशेवर काम करतो तो उमेदवार.

हे पुस्तक त्या जुन्या अर्थाच्या उमेदवारीचे आहे. गायक, चित्रकार, शिल्पकार, सिनेमावाले आणि लेखक यांची नाव होण्याआधीची वर्षे इथे एकत्र मांडली आहेत. आपल्याकडे चरित्रे पुष्कळ लिहिली जातात, पण या वर्षांशी चरित्रकाराचे सहसा जमत नाही. पाचव्या पानावर जन्म होतो, आठव्यावर गुरू भेटतात, अकराव्यावर पहिली मैफल गाजते. मधली दहा-बारा वर्षे 'अत्यंत हलाखीत खडतर साधना करून' या एका वाक्यात उरकलेली असतात. हे वाक्य मला इतक्या चरित्रांत भेटले आहे की ते छापखान्यात आधीच जुळवून ठेवलेले असावे, अशी माझी शंका आहे. खरे तर त्या वाक्यातच सगळे दडलेले असते. कोणाकडे, किती वर्षे, काय काम करत, कोणाच्या पैशावर?

माझे एक मामा पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, लग्नघरच्या दारावरचा गणपती, असले काम. सुट्टी लागली की मला तिकडे धाडत. पहिल्या सुट्टीत त्यांनी मला अक्षराच्या ब्रशला हात लावू दिला नाही. पत्रा पॉलिशपेपरने घासायचा, अस्तराचा हात द्यायचा, वाळला की पुन्हा घासायचा, संध्याकाळी टर्पेंटाइनमध्ये ब्रश धुवायचे. दुसऱ्या वर्षी बढती मिळाली ती दोरी धरण्याची. खडूची पूड चोळलेली सुतळी पाटीवर ताणून धरायची. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला दुकानातला दुसरा एक मुलगा. मामा ती मधोमध चिमटीत धरून उचलत आणि सोडत. टप्प आवाज होई आणि निळ्या पत्र्यावर पांढरी सरळ रेघ उमटे. तशीच आणखी एक. त्या दोन रेघांत अक्षर बसवायचे. मी काही पेंटर झालो नाही, पण 'श्री'ची वेलांटी रेघेच्या वर किती जाऊ द्यायची आणि 'ळ'ची दोन पोटे सारखी दिसायला एक किंचित मोठे का काढायचे, हे मला अजून कळते. कोणी शिकवल्याचे आठवत नाही. दोरी धरून उभा असताना ते डोळ्यांत गेले असणार.

या पुस्तकातली जवळजवळ सगळी माणसे अशीच कोणाची तरी दोरी धरून शिकलेली आहेत. लेख वाचताना माझा प्रश्न दर वेळी तोच राहिला: दोरीशी उभे राहायला यांना मिळाले कसे?

पंडित भीमसेन जोशींची कथा सर्वांना पाठ आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. १९३३ साली अकरा वर्षांचा मुलगा गाण्यापायी घर सोडतो, ग्वाल्हेर आणि उत्तर हिंदुस्थान पालथा घालतो, वडील त्याला जालंधरला गाठून परत आणतात. आणि गुरू सापडतो तो घराजवळच, धारवाडकडच्या कुंदगोळला. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व. तिथे भीमसेनांनी पाणी भरले, ही गोष्ट आपण इतक्या भक्तिभावाने सांगतो की गाणे त्या घागरीतूनच वर आले असे वाटावे. पाणी भरणारे शिष्य त्या काळी गावोगाव होते. त्यातले बहुतेक शेवटपर्यंत पाणीच भरत राहिले. भीमसेनांच्या बाबतीत महत्त्वाचे हे, की घागर खाली ठेवली की आत तंबोरा लागलेला असे. सुरुवातीची तालीम तोडी, मुलतानी आणि पुरिया या रागांभोवती फिरत होती. एक सकाळचा, एक दुपार कलल्यावरचा, एक दिवेलागणीचा. तीन रागांत दिवस संपला. याच गुरूकडे गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने ये-जा करून शिकल्या. त्यांनी पाणी भरल्याचे कोणी सांगत नाही, आणि त्यांचे गाणे त्यामुळे कुठे उणे राहिले नाही.

'कष्टातून कलावंत घडतो' या म्हणण्यात मला एक अप्पलपोटेपणा दिसतो. ते म्हणणारा बहुधा कष्ट करवून घेणाऱ्यांच्या बाजूचा असतो. संग्रहातल्या दोन लेखांत गरिबीलाच गुरूपद दिले आहे. ते लेख माहितीने भरलेले आहेत, पण त्यांच्याशी माझे जमले नाही आणि तसे मी संपादकांना कळवलेही आहे.

गरिबी आणि श्रीमंती यांचा तालमीशी खरा संबंध काय, हे पाहायचे तर गोव्याच्या दोन बायकांकडे पाहावे. केसरबाई केरकर १८९२ साली फोंडा तालुक्यातल्या केरीला जन्मल्या. आठेक वर्षांच्या असताना घरचे त्यांना कोल्हापूरला घेऊन आले आणि अब्दुल करीम खाँसाहेबांची तालीम सुरू झाली. ती टिकली आठ महिने. गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे त्या भागात मुक्कामाला असतील तेव्हा त्यांच्याकडे. मग मुंबई, तिथे सतारिये बरकतुल्ला खाँ, मधे काही काळ भास्करबुवा बखले. चार गुरू झाले आणि चौघांचीही तालीम अर्धवट. गुरू दुसऱ्या गावी गेला की शिष्याच्या हातात काय उरते, याचा विचार आपण करत नाही. उरतो एका घराण्याच्या आलापाचा तुकडा, दुसऱ्याची एखादी बंदिश, तिसऱ्याने लावलेली आवाजाची सवय, आणि ते सगळे एकमेकांशी भांडत असते. अल्लादिया खाँसाहेबांकडे केसरबाईंची तालीम सुरू झाली ती १९२१ साली. तेव्हा त्या जवळजवळ तिशीत होत्या, मैफली करत होत्या, आणि त्यांना पुन्हा षड्जापासून सुरुवात करावी लागली. खाँसाहेब सहजी तयार झाले नव्हते. त्यांच्या अटी कडक होत्या आणि तालीम महाग होती. मुंबईतल्या धनिक आश्रयदात्यांचे पाठबळ नसते तर त्या पायरीपर्यंत पोचता आले नसते. पुढे याच केसरबाईंच्या आवाजातली भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबरच्या तबकडीवर गेली. तो भाग सगळे सांगतात. मला मात्र तिशीतल्या बाईने आपले येणारे गाणे बाजूला ठेवून पुन्हा पाटीपूजा केली, ते जास्त थोर वाटते.

मोगूबाई कुर्डीकर त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान. गाव कुर्डी. ते आता साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की महिनाभर उघडे पडते. आईने मुलीला गाणे यावे म्हणून नाटक मंडळीत घातले आणि मुलगी दहा वर्षांची असताना आई गेली. पुढे सांगलीत मोगूबाई रियाज करत असताना रस्त्याने जाणाऱ्या अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांचा आवाज ऐकला आणि आपण होऊन शिकवायला सुरुवात केली. ही गोष्ट परीकथेसारखी वाटते, पण पुढचे ऐका. खाँसाहेब मुंबईला गेले, मोगूबाई मागोमाग गेल्या, आणि तिथे त्यांच्या तालमीच्या आड माणसे आली. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांना या गाण्यात वाटेकरी नको होते. मग काही वर्षे खाँसाहेबांचे बंधू हैदर खाँ यांच्याकडे शिक्षण. अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा रीतसर बांधला गेला तो १९३४ साली. एकच गायकी, एकच गुरू, आणि दोघींच्या वाटेत किती फरक! ज्याला आपण प्रतिभा म्हणतो तिचा तराजू हातात घेऊन या दोघींना तोलणारे पुष्कळ भेटतात. तालमीचे तास मोजणारा अजून भेटायचा आहे.

खुद्द अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज तरुणपणीच अतिगाण्याने बसला होता आणि तो पूर्ववत कधीच आला नाही. जो उरला त्याला पेलेल अशी गायकी त्यांनी रचली. जयपूर-अत्रौली घराण्याची म्हणून आपण जी वाकणावळणांची चाल ऐकतो तिच्या मुळाशी ही एक दुखापत आहे.

चित्रकारांची गोष्ट वेगळी, कारण त्यांना शाळा होती. मुंबईत १८५७ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. तिथे काय शिकवत याची कल्पना ज्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या आहेत त्यांना थोडीफार येईल. नक्कल करायची आणि पुन्हा नक्कल करायची. समोर ग्रीक पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती ठेवलेल्या. वांद्र्याच्या, वसईच्या, कोल्हापूरच्या मुलांनी अपोलोच्या नाकाची छाया पेन्सिलीने घोटायची. या पद्धतीची टर उडवणे सोपे आहे आणि ती भरपूर उडवून झाली आहे. पण त्याच शाळेतल्या जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करून घेतल्या. ते काम दहा-बारा वर्षे चालले. पेस्तनजी बमनजींसारखे चित्रकार त्या लेण्यांतल्या अंधुक उजेडात तयार झाले. मोठमोठ्या कॅनव्हासवरच्या त्या नकला विलायतेला रवाना झाल्या आणि त्यातल्या अनेक १८८५ मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या. काम जळाले, हात राहिला. उमेदवारीचा हिशेब बहुधा असाच असतो.

महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली कोल्हापूरहून या शाळेत दाखल झाले आणि विद्यार्थी, शिक्षक, शेवटी प्रमुख अशा वाटेने एकेचाळीस वर्षे तिथेच राहिले. त्यांचे 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे आत्मकथन ज्यांनी वाचले नसेल त्यांनी हे पुस्तक क्षणभर बाजूला ठेवून ते आधी शोधावे. चित्रकाराने मराठीत स्वतःच्या शिकण्याबद्दल इतक्या सरळपणे क्वचितच लिहिले आहे.

विनायक पांडुरंग करमरकर मात्र शाळेआधीच शिल्पकार होते. अलिबागजवळचे सासवणे हे त्यांचे गाव. घरी गणपतीच्या मूर्ती होत. म्हणजे माती कालवणे, सोंडेचे वळण आणि डोळ्यांची आखणी हे सगळे पोराच्या हाताला चालत आलेले. या मुलाने गावातल्या राममंदिराच्या भिंतीवर घोड्यावरचे शिवाजीमहाराज काढले. कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड फिरतीवर आले असताना त्यांची नजर त्या भिंतीवर पडली, त्यांनी चौकशी केली आणि मुलाला जे. जे.मध्ये पाठवण्याची सोय केली. पुढे १९२८ साली पुण्यात उभा राहिलेला शिवाजीमहाराजांचा अश्वारूढ ब्राँझचा पुतळा याच करमरकरांचा. देवळाच्या भिंतीवरचा घोडा आणि पुण्यातला घोडा यांच्या मधल्या वर्षांत मुंबई आहे, कलकत्ता आहे, लंडन आहे. सासवण्याला त्यांच्या घरात आता संग्रहालय आहे. मी गेलो तेव्हा अंगणातल्या सिमेंटच्या म्हशीच्या पाठीवर गावातले एक पोर बिनदिक्कत हात फिरवत उभे होते. म्हशीची पाठ हाताला कशी लागते हे त्याला ठाऊक होते, आणि शिल्पकारालाही. ते लंडनला शिकवत नाहीत. पण कलेक्टर त्या दिवशी दुसऱ्या गावाला गेला असता तर? त्या काळात कोकणातल्या किती भिंतींवर किती घोडे काढले गेले आणि पुढच्या चुनेकामात पुसले गेले, कोण सांगणार.

सगळ्यात लांबलेली उमेदवारी दादासाहेब फाळक्यांची. त्र्यंबकेश्वरचा हा मुलगा १८८५ साली जे. जे.मध्ये गेला, मग बडोद्याच्या कलाभवनात. चित्रकला झाली, फोटोग्राफी झाली, नाटकाचे पडदे झाले. गोध्र्याला स्टुडिओ काढला. प्लेगमध्ये पत्नी गेली. पुराणवस्तू खात्यात नोकरी धरली आणि सोडली. लोणावळ्याला रविवर्म्यांच्या छापखान्याशी संबंध आला, मग स्वतःचा छापखाना, त्यासाठी जर्मनीची वारी, मग भागीदारांशी बेबनाव. मधल्या काळात ते जादूचे प्रयोगही करत आणि त्यासाठी स्वतःचे आडनाव उलटे फिरवून 'प्रोफेसर केळफा' झाले होते. वयाच्या चाळिशीत नातेवाईक त्यांच्याबद्दल काय बोलत असतील याचा अंदाज मराठी माणसाला सहज करता येईल: एक ना धड, भाराभर चिंध्या.

मग मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्या सगळ्या चिंध्यांना एकदम काम मिळाले. सिनेमाला पडदे रंगवणारा लागतो, रसायनात हात बुडवणारा लागतो, यंत्र उघडून पुन्हा बसवणारा लागतो, आणि माणूस नाहीसा कसा करायचा हे ठाऊक असलेला जादूगार लागतो. १९१२ च्या सुरुवातीला ते विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडनला गेले, तिथला स्टुडिओ पाहिला, कॅमेरा खरेदी केला आणि थोड्या आठवड्यांत परतले. मग भांडवलवाल्यांना पटवण्यासाठी कुंडीत एक वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची रोज थोडी थोडी फिल्म घेतली. पडद्यावर मिनिटभरात बी रुजले आणि वेल वर चढला. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला तेव्हा फाळके त्रेचाळीस वर्षांचे होते. चित्रपटासाठी असे शिक्षण हवे म्हणून कोणी अभ्यासक्रम आखायला बसले असते तर त्याला गोध्रा आणि केळफा सुचले असते का?

कोल्हापूरकर मला माफ करणार नाहीत म्हणून एवढे तरी: बाबूराव पेंटर शाळेत घडले नाहीत, सुतार-मिस्त्रीच्या घरात आणि नाटकाच्या पडद्यांवर घडले, आणि कॅमेरा त्यांनी कोल्हापुरातच जुळवला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करायला आलेल्यांत शांताराम वणकुद्रे होते. १९२९ साली 'प्रभात' काढणाऱ्या मंडळींपैकी बहुतेक जण त्या एका माणसाच्या हाताखालून गेलेले आहेत.

राहिले लेखक. त्यांना शाळा नाही, गंडा नाही, अस्तर देऊन पत्रा घासून घेणारा मामा नाही. म्हणून लेखकांच्या चरित्रांत या वर्षांबद्दल सर्वांत जास्त थापा असतात. लक्ष्मीबाई टिळकांनी थाप मारली नाही. १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्म, बापाचे सोवळे असे की घरच्यांना जीव नकोसा व्हावा, अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न, शाळेचे तोंडही पाहिलेले नाही. अक्षरे शिकवली ती नवऱ्याने, आणि नारायण वामन टिळक हे सरळ मास्तर नव्हते. शिकवायला बसले की चिडायचे, कंटाळायचे, घर सोडून निघून जायचे. 'स्मृतिचित्रे' वाचताना मात्र पानोपानी जाणवते की या बाईची भाषा अक्षरांच्या कितीतरी आधी तयार झालेली होती; माजघरात, ओसरीवर, भांडणात आणि नकला करण्यात. टिळक गेले तेव्हा 'ख्रिस्तायन'चे दहा अध्याय झाले होते. पुढचे चौसष्ट लक्ष्मीबाईंनी रचले. दोरी धरायला उभे केलेल्या माणसानेच पाटी पूर्ण केली!

बहिणाबाई चौधरींना तर अक्षरेही आली नाहीत. मुलगा सोपानदेव आणि घरातला आणखी एक जण यांनी त्यांची गाणी ऐकून उतरवली म्हणून आज काही हाती आहे. नारायण सुर्वे गिरणी कामगाराला सापडलेले मूल. गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक. 'माझे विद्यापीठ' हे त्यांच्या १९६६ च्या संग्रहाचे नाव वाचून सभागृहांत टाळ्या पडतात. शिपायाचे काम करत असताना बंद दाराबाहेर वर्गातले किती ऐकू येत असेल, याचा विचार टाळ्या वाजवणाऱ्यांनी करावा, असे मला वाटत आले आहे.

अण्णा भाऊ साठे वाटेगावच्या शाळेत दीड दिवस गेले. मग पायी मुंबई. कोळसा उचलण्यापासून गिरणीपर्यंत मिळेल ती कामे, आणि अक्षरओळख झाली ती रस्त्यावर, दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचून. पुढे तमाशाचा फड, १९४४ चे लाल बावटा कलापथक, १९५९ ची 'फकिरा'. मी हे प्रथम वाचले तेव्हा मनात पहिल्यांदा आले ते हे, की त्या पाट्या लिहिल्या कोणी? गिरणगावातल्या कुठल्या तरी पेंटरने सुतळी ताणून, दोन रेघांत नीट बसवून 'किराणा' आणि 'केशकर्तनालय' लिहिले. त्याने 'क' नीट काढला म्हणून एका पोराला 'क' कळला. त्या पेंटरचे चरित्र कोणी लिहिणार नाही. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात आर्टिस्ट म्हणून नाव टाकायची पद्धत असते, तेवढेच.

पुस्तकात एक लेख नाही आणि तो असायला हवा होता: उमेदवारी उमेदवारीतच संपलेल्यांचा. संपादकांची अडचण मला कळते. त्यांची कागदपत्रे नसतात. माझ्याजवळही सांगण्यासारखे एवढेच आहे.

मामांच्या दुकानात दोरीचे दुसरे टोक धरणारा तो मुलगा माझ्याहून वर्षाने मोठा होता. तिसऱ्या सुट्टीत मामांनी त्याच्या हातात ब्रश दिला, माझ्या दिला नाही, आणि त्यांचे बरोबर होते. त्याचा 'ळ' मामांपेक्षा चांगला यायचा. ती दोन पोटे तो ब्रश न उचलता काढायचा. चौथ्या सुट्टीत गेलो तेव्हा तो नव्हता. वडील गेल्यामुळे ट्रकवर क्लीनर म्हणून लागला होता. बऱ्याच वर्षांनी कसारा घाटात आमची एसटी एका ट्रकच्या मागे अडकली होती. ट्रकच्या फळीवर पिवळ्या रंगात 'तुळजाभवानी प्रसन्न' लिहिलेले होते, आणि 'ळ' एका हातात काढलेला होता. मी खिडकीतून वाकून खाली कोपऱ्यात नाव आहे का ते पाहिले. तिथे चिखल होता. वळणावर आमच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला आणि ट्रकला मागे टाकले.